इदवालच्या टोपलीतल्या लाल वाट्या

१

नांतेरिनच्या खोऱ्यात माणूस हरवला की लोक आधी त्याची टोपली शोधतात. माणूस काय, कुठंही भटकेल. टोपली मात्र अळंबीपाशीच सापडते.

इदवालची टोपली फेब्रुवारीतल्या त्या सकाळी नदीकाठी सापडली, आल्डरच्या झाडाच्या उघड्या मुळांमध्ये, पाण्यापासून हातभर अंतरावर. इदवाल सापडला नाही.

सार्जंट केरिसनं ती गावच्या हॉलमधल्या लांब टेबलावर आणून ठेवली. याच टेबलाभोवती दर शनिवारी खोऱ्यातले अळंबीवाले जमत, चहा पीत आणि एकमेकांच्या अळंब्यांना नावं ठेवत. आज शनिवार होता, चहा होता, पण मधोमध इदवालची टोपली होती.

"मेरेरिडबाई, नीट बघून सांगा. भावाचीच ना?"

मेरेरिडनं टोपलीला हात लावला नाही. सगळी उमर तिनं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासण्यात घालवली होती. वाईट बातमी काचेच्या पट्टीवर पसरून शांतपणे वाचायची तिला सवय होती. पण ती परक्यांची बातमी असायची.

"त्याचीच. मूठ तुटली होती, ती मीच बांधून दिली."

"काल जेवून निघाले, ते परतलेच नाहीत. निघताना काय म्हणाले?"

"नदीवर जातो म्हणाला."

"मग झालं तर." सार्जंटचा आवाज मऊ झाला. "नदीला पाणी फार आहे, बाई. पाणबुड्यांना बोलावलंय."

"नदीवर जातो म्हणाला, म्हणजे तो नदीवर नक्की गेलेला नाही."

सार्जंटनं वळून पाहिलं. केरिस मेंढपाळाच्या घरातली. तिला हे कसं कळावं? अळंबीवाला बायकोशी खरं बोलेल, पाद्रीबुवांशी खरं बोलेल, मरताना वकिलाशीही बोलेल. पण जागा विचारलीत की तो सख्ख्या बहिणीला उलट्या दिशेला पाठवील. आणि इदवाल तर त्या सगळ्यांचा मुकुटमणी. एकदा त्यानं अख्ख्या अळंबी मंडळाला भलत्याच डोंगरावर नेलं होतं. तिथं काही नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी दिवसभर सगळ्यांबरोबर वाकून वाकून पाला उचकटत बसला आणि संध्याकाळी सगळ्यांपेक्षा जास्त हळहळला.

"माणूस खोटं बोलला असेल," सार्जंट म्हणाली. "टोपली कशाला खोटं बोलेल?"

आता मेरेरिडला हात लावणं भाग होतं. तिनं वरचं शेवाळ बाजूला केलं. खाली लाल वाट्या होत्या. अंगठ्याच्या पेराएवढ्या, आतून कुंकवासारख्या लालभडक, बाहेरून पांढुरक्या लवेच्या. कडाक्याच्या थंडीत कुजक्या काटक्यांवर उगवणारी ही अळंबी खोऱ्यातली पोरंसोरंही ओळखतात.

पण या वाट्यांखाली काटक्या नव्हत्या. कुणीतरी चाकूनं एकेक वाटी लाकडावरून खरवडून काढली होती.

इदवाल वाटी कधी लाकडावेगळी करत नसे. लाकूड कुठल्या झाडाचं, यावर अर्धी ओळख असते. काटकीशिवाय कुणी अळंबी आणली तर तो ती परत देई, आणणाऱ्याच्या अकलेचा उद्धार करून.

"सार्जंट," ती म्हणाली, "टोपली इदवालची आहे. पण या वाट्या कापणारा हात त्याचा नाही. त्याच्यानंतर या टोपलीत कुणीतरी हात घातलाय."

२

सार्जंटला ते पटलं नाही. पण पाणबुडे येईपर्यंत वेळ होता, म्हणून तिनं तिघांना एकेक करून टेबलासमोर बसवलं. मेरेरिड कोपऱ्यात आपल्या सूक्ष्मदर्शकापाशी बसली होती. तिथून सगळं ऐकू येत होतं.

पहिली टेलेरी. रोपवाटिका चालवणारी, तोंडानं फटकळ. टोपली तिलाच सापडली होती.

"सापडली म्हणजे दिसलीच! वाटेवरून दिसावी अशी ठेवलेली. काका असते तर असं उघड्यावर ठेवलं असतं? तो माणूस टोपलीवर पाला टाकून शू करायला जातो!"

"तुझं त्यांच्याशी भांडण होतं म्हणे."

"कुणाचं नव्हतं? गेल्या हिवाळ्यात मला म्हणाले, टेलेरी, काळ्या वाट्या हव्यात तर चर्चमागं जा. गेले. काय होतं? प्लास्टिकची बादली!" ती हसायला गेली आणि मध्येच तिचा आवाज फुटला. "सापडू देत म्हातारा. मीच मारते त्याला."

दुसरा एमलिन. डोंगराच्या उतारावरची सगळी जमीन त्याची. बूट न काढता आला, टोपी न काढता बसला.

"मी त्याला पाहिलेला नाही. माझ्या रानात आलाच नाही तो. कशाला येईल? अळंबी मंडळाच्या गोरोन्वीनं स्वतः फिरून, बघून लिहून दिलंय, त्या रानात खास असं काही नाही. म्हणून तर पाहुण्यांसाठी लाकडी घरं बांधायची परवानगी मिळतेय."

"वरच्या रानात कुणी जातं का?"

एमलिननं पहिल्यांदा टोपी काढली.

"सार्जंट, तिथं मी मेंढ्याही सोडत नाही. जुनी शिशाची खाण आहे. वरून नुसती काटेरी झुडपं दिसतात, खाली पोकळ. जमीन खाते तिथली. माझी एक मेंढी गेली. दोन दिवस ओरडत होती. कुठल्या भोकात पडली, तेच कळेना." तो थांबला. "मग ओरडायची थांबली."

हॉलच्या शेगडीत जाळ तडतडला. मेरेरिडनं शाल घट्ट ओढून घेतली.

तिसरे गोरोन्वी. मंडळाचे अध्यक्ष, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सार्जंटसह निम्मं खोरं त्यांच्या हाताखालून गेलेलं. तीस वर्षं खोऱ्यात कुठली अळंबी आहे आणि कुठली नाही, हे त्यांच्या शब्दावर ठरत आलेलं.

"बस, केरिस बस, उभी का?" म्हणत त्यांनी तिलाच बसवलं. "मी काल दिवसभर घरी. थोडी सर्दी आहे. बिचारा इदवाल! लाल वाट्यांच्या मागं किती धावायचा. नदीकाठी यंदा पीकच आलंय त्यांचं. पाय घसरला असेल."

"सर, मेरेरिडबाई म्हणतात की वाट्या लाकडावरून काढल्यात, ते विचित्र आहे."

"मेरेरिडचं काय घेऊन बसलीस." ते कोपऱ्याकडे बघून मायेनं हसले. "ती त्या नळीतून बघत बसते आणि एका वाटीच्या चार वाट्या करते. अगं, लाल वाटी म्हणजे लाल वाटी. डोळ्यांनी दिसतं ते पुरे असतं माणसाला."

बाहेर गाडी थांबली. पाणबुडे आले होते. सार्जंट उठली, तिच्यामागून एमलिन, त्याच्यामागून सर. दाराशी सार्जंट मेरेरिडला म्हणाली, "आज रात्री हाडं गोठवणारी थंडी पडणार आहे, बाई. पाण्यात नसतील आणि कुठं उघड्यावर असतील, तरी..."

ती पाणबुड्यांकडे निघाली.

३

"मावशी, मी थांबते तुमच्यापाशी," टेलेरी म्हणाली.

मेरेरिडनं एक वाटी उचलली, दाढीचं पातं घेतलं आणि वाटीच्या कडेचा पापुद्रा काढायला लागली. पापुद्रा असा पातळ हवा की खालचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. आयुष्यभर तिचा हात कधी हलला नव्हता. आज पातं वाटीवर टिकेना. पहिला तुकडा जाड आला, दुसरा चुरगळला, तिसऱ्यात बोट कापलं.

"आणा इकडं." टेलेरीनं पातं घेतलं. मेरेरिडनंच तिला शिकवलं होतं. तिनं पापुद्रा काढला, पाण्याच्या थेंबात ठेवला, वर पातळ काच टेकवली आणि पट्टी भिंगाखाली सरकवली. मेरेरिडच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून आधी टेलेरीनंच वाकून पाहिलं.

तिनं पट्टी जराशी सरकवून पुन्हा पाहिलं.

"मावशी, ही लव... सरळ आहे."

"नीट बघ."

"सरळ आहे, मावशी! एकसुद्धा केस पिळलेला नाही."

मेरेरिडनं तिला जवळजवळ ढकललंच. डोळे पुसले आणि भिंगाला लावले.

लाल वाटीच्या बाहेरच्या अंगाला जी पांढरी लव असते, ती साध्या डोळ्यांना सगळीकडे सारखीच दिसते. भिंगाखाली मात्र नदीकाठच्या वाट्यांचे केस बोटाला गुंडाळून सोडलेल्या दोऱ्यासारखे पिळलेले, वेटोळे खाल्लेले असतात. मेरेरिडनं वर्षानुवर्षं हिवाळ्यात नदीकाठच्या वाट्या तपासल्या होत्या. एकीचा केस कधी सरळ निघाला नव्हता. आणि इथं समोर केस होते ते काडीसारखे, फार तर जरा कललेले.

तिनं आतल्या लाल थराचा कण घेतला. लांब नळ्यांमध्ये आठ-आठ बीजाणू ओळीनं बसलेले. नदीवालीच्या बीजाणूंची टोकं चेपल्यासारखी बोथट असतात. यांची दोन्ही टोकं छान गोल होती.

ही वेगळीच जात. तिची नातेवाईक, पण वेगळी. पुस्तकांत वाचलेली, या खोऱ्यात कुणी न पाहिलेली. इदवाल जिच्यासाठी आयुष्यभर वाकून चालला, ती.

"ही कशावर येते, मावशी?"

मेरेरिडनं वाटीचं देठ उलटं केलं. कापणाऱ्यानं घाई केली होती. बुडाला नखाएवढी साल चिकटून राहिली होती. तपकिरी, तुकतुकीत, बारीक ठिपक्यांची.

"हेझल," दोघी एकदमच म्हणाल्या.

नदीकाठी हेझलचं झाड नव्हतं. खोऱ्यात कुठंच नव्हतं. कोवळं असतानाच मेंढ्या फस्त करत. राहिलं असेल तर एकाच ठिकाणी, जिथं मेंढ्या सोडत नाहीत.

टेलेरीचा चेहरा पांढरा पडला. "वरचं रान."

"धाव. सार्जंटला सांग, पाण्यात शोधू नका. वर या, दोर घेऊन. एमलिनचा ट्रॅक्टर आणा."

टेलेरी धावत सुटली. मेरेरिड कोट शोधायला वळली आणि जागीच थिजली.

टोपली नदीकाठी नेऊन ठेवणाऱ्यानं काटक्या फेकून दिल्या. का? तर हेझलची काटकी नदीकाठी सापडली असती तर जागेचं बिंग फुटलं असतं. एमलिनला काय त्याचं? त्यानं टोपली तशीच नदीत भिरकावली असती. लाकडावरून जागा ओळखतात, हे ठाऊक असणारा तो अळंबीवालाच. पण वाट्या मात्र त्यानं मुद्दाम ठेवल्या, कारण तशाच लाल वाट्या नदीकाठीही असतात. केसांवरून जागा ओळखू येईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. टेलेरीच्या आलं असतं. आत्ता तिनंच तर आपल्या तोंडानं सांगितलं. उरला तो, ज्याच्या लेखी लाल वाटी म्हणजे लाल वाटी.

मागं दार वाजलं.

"चहा आणलाय गं तुझ्यासाठी," गोरोन्वी म्हणाले.

४

मेरेरिड परत आपल्या खुर्चीत बसली. गोरोन्वींनी कप टेबलावर ठेवला, शेजारी मनुकांचे तव्यावरचे केक ठेवले, आणि ते तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. फार जवळ. त्यांच्या कोटाला ओल्या मातीचा वास येत होता.

"टेलेरी कुठं पळाली?"

"घरी. रडत होती."

"काही दिसलं का नळीतून?"

मेरेरिडनं कप उचलला. "काय दिसणार? नदीवरचीच आहे. तुम्ही म्हणालात तेच."

तिला पाठीमागं एक लांब श्वास सुटलेला ऐकू आला. माणूस बुडता बुडता वर येऊन घेतो, तसा.

"मग कशाला डोळ्यांसमोर ठेवायच्या? उगीच जिवाला त्रास." त्यांनी टोपली उचलली, शेगडीचं दार उघडलं आणि वाट्या जाळावर उपड्या केल्या. चर्र आवाज झाला. मग काचेच्या पट्टीकडेही हात गेला. तीही गेली.

आता मेरेरिडपाशी पुरावा काही उरला नव्हता. होते ते फक्त ती, तो आणि बंद दार. तोंड मिटून सार्जंट येईतो बसावं, एवढी अक्कल भीतीनंच तिला दिली. पण मग एमलिनची मेंढी आठवली. कुठल्या भोकात पडली, तेच कळेना. उतारभर पसरलेलं रान, झुडपाखाली झुडूप, आणि पाच वाजता अंधार. सगळं खोरं शोधायला लागलं, तरी आजच्या आज ते भोक सापडणार नव्हतं. ते ठाऊक असणारा एकच माणूस इथं उभा राहून शेगडीचं दार लावत होता.

"गोरोन्वी," ती म्हणाली. "कुठल्या खड्ड्यात आहे तो?"

शेगडीचं दार अर्धवट राहिलं.

"ती नदीवरची नव्हती. केस सरळ होते. आता जाळल्यास त्या. जाळ. मला वाट्या नकोत, मला माझा भाऊ हवाय."

तो वळला. हातात शेगडीची लोखंडी सळई होती. मेरेरिडला तिच्यापलीकडे काही दिसेना.

"ऐक माझं," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "तो मेला असेल तर तू काय आहेस ते मी बोलत नाही. पण तो जिवंत असेल, तर अजून तू फक्त भित्रा आहेस. भित्रेपणाला कायदा काही करत नाही. संध्याकाळ झाली की मात्र तू दुसरंच काहीतरी होशील, आणि ते मग पुसता येणार नाही. भित्राच राहा ना, गोरोन्वी. तुझ्या पाया पडते मी."

सळई खाली पडली. इतका मोठा आवाज झाला की दोघंही दचकले.

"मी ढकललं नाही त्याला," गोरोन्वी म्हणाला. मुख्याध्यापक कुठल्या कुठं गेला होता. शिक्षेला उभं केलेलं पोर बोलत होतं. "तो मला दाखवायला घेऊन गेला. स्वतःहून! म्हणाला, तू लिहून दिलंस ना रान रिकामं आहे म्हणून, बघ आता, तुझ्याच तोंडानं सांग सगळ्यांना. इतका खूश होता, मेरेरिड. मी म्हटलं, नको सांगूस, लोक हसतील मला. तो हसायला लागला. मागं सरकला, आणि नुसतं झुडूप राहिलं. आवाजसुद्धा आला नाही."

"हाक मारलीस?"

"मारली. उत्तर नाही आलं. मेला म्हणून मी... टोपली..."

"ऊठ," मेरेरिड म्हणाली. "पुढं तू चाल. मी मागून येते."

५

ती चढण मेरेरिड पुन्हा कधी चढली नाही. जमीन खाते, हे ऐकणं वेगळं आणि तिच्यावर पाय ठेवणं वेगळं. पुढं तो माणूस चालला होता, ज्यानं तिच्या भावाला टाकून दिलं. आणि तो जिथं पाय ठेवील तिथंच पाय ठेवण्याखेरीज तिला गत्यंतर नव्हतं. हेझलच्या काड्या तोंडावर फटकारत होत्या. पायाखाली शेवाळात जागोजाग लाल वाट्या होत्या, बघवत नव्हत्या. खालून ट्रॅक्टरची घरघर ऐकू यायला लागली, मग टेलेरीच्या हाका.

गोरोन्वी थांबला. बोट पुढं केलं. काट्यांच्या जाळीत बाजूच्या फांद्या तुटलेल्या, आणि मध्ये काळं.

मेरेरिड पालथी पडून सरपटत कडेपर्यंत गेली. खालून गार, ओलसर हवा तोंडावर आली. हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर मग संपलंच. हाक मारलीच नाही तोवर तो जिवंत होता.

मागून धापा टाकत सार्जंट आली, एमलिन आला. टेलेरीनं गुडघे टेकले आणि त्या काळोखात गळा फाडून ओरडली, "काकाऽऽ!"

काही नाही. मग खालून, फार खोलातून नव्हे पण अशक्त अशी एक शिवी आली. इतकी घाणेरडी, की एमलिननं टोपी काढली.

मेरेरिडचं कपाळ चिखलात टेकलं. "इदवाल! अरे, मी आहे."

"तू? तुला कुणी सांगितलं हे रान?" मग आवाज बदलला. असा आवाज तिनं लहानपणापासून कधी ऐकला नव्हता. "मेरेरिड, माझा पाय हलत नाही. गार पडलंय सगळं. मला भीती वाटतेय गं."

"दोर येतोय. एमलिन बांधतोय, बघ."

"वर कोण कोण आहे?"

तिनं मान वळवली. गोरोन्वी हेझलच्या बुंध्याला टेकून उभा होता.

"सार्जंट आहे, टेलेरी आहे," ती म्हणाली. "गोरोन्वी आहे."



"त्याला जाऊ देऊ नका," इदवाल म्हणाला. "काल मी हाका मारत होतो. तो वाकला, त्यानं माझ्याकडं बघितलं. मला त्याचं तोंड दिसत होतं, मेरेरिड. मग तो गेला."

सार्जंट केरिस आपल्या जुन्या सरांकडे बघत राहिली, मग चालत गेली आणि तिनं त्यांचा दंड धरला.

"मेरेरिड? आहेस ना?"

"आहे."

"बोलत राहा. काहीही बोल. थांबलीस की मला त्याच्या पावलांचा आवाज यायला लागतो."

एमलिन ट्रॅक्टरला दोर बांधत होता, गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. मेरेरिड कडेवर पालथी पडली, एक हात काळोखात लोंबता सोडला, आणि बोलायला लागली. शेजारणीच्या हंसानं पोस्टमनला कसं चावलं ते. आई सफरचंदाच्या पुडिंगात दालचिनी घालायची ते.

"लवंग," खालून आवाज आला.

"दालचिनी."

"लवंग गं, मूर्खे. तुला कधीच काही..." तो खोकला, आणि थांबला.

"इदवाल!"

"...आठवत नाही."

दोर सरसरत खाली निघाला. मेरेरिड बोलत राहिली, आणि जाणूनबुजून सगळं चुकीचं सांगत राहिली.